एक पंखा, एकवीस कामं



लाइट गेली की हाताला लागेल तो पुठ्ठा घेऊन आपण वारा घालतो. आज आम्ही सांगणार आहोत ती जपानमधल्या एका हातपंख्याची गोष्ट. हा घडीचा पंखा नाही. दांड्याचा, गोलसर, कागद लावलेला. त्याला तिकडे ‘उचिवा’ म्हणतात.

टोकियोजवळच्या चिबा प्रांतात, समुद्रकाठी, ‘बोशू उचिवा’ तयार होतो. तिथे ‘मेदाके’ नावाचा बारीक बांबू उगवतो. ‘मे’ म्हणजे बाई आणि ‘दाके’ म्हणजे बांबू. आधी हा बांबू टोकियोच्या कारागिरांकडे जायचा. 1923 साली मोठा भूकंप झाला, टोकियोत आगी लागल्या आणि पंख्यांचे व्यापारी बांबूच्या गावाकडे आले. तिथल्या कोळी घरांतल्या बायकांना घरबसल्या काम मिळालं.

आता पंखा कसा होतो ते ऐका. बांबू हिवाळ्यात तोडायचा, म्हणजे त्याला कीड लागत नाही. साल काढायची. मग एकाच कांडीचं वरचं टोक उभं चिरत न्यायचं, 48 ते 64 काड्या होईपर्यंत. खालचा भाग तसाच ठेवायचा, तोच दांडा. म्हणून या पंख्याचा दांडा गोल असतो आणि काड्यांना जोड नसतो. पुढे त्या काड्या दोऱ्याने विणायच्या. दांड्याच्या वर अर्धगोल जाळी दिसते, तिला ‘खिडकी’ म्हणतात. वाकड्या काड्या विस्तवावर शेकून सरळ करायच्या. मग खळ लावून कागद चिकटवायचा आणि कडा कापून पट्टी लावायची. अशी एकूण 21 कामं आहेत.

ही सगळी कामं एकीनेच केली असं नाही. कामं वाटलेली असत. चिरणारे वेगळे, विणणारी वेगळी, कागद लावणारी वेगळी.

पुढे विजेचे पंखे आले, प्लास्टिकचे स्वस्त पंखे आले. मागणी घटली, कारागीर म्हातारे झाले. 2003 साली जपान सरकारने या पंख्याला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. पण दर्जा मिळाला म्हणून हात तयार होत नाहीत. चिरणारा हात थांबला, तर विणणारी काय विणणार? एक काम विसरलं गेलं, की उरलेली वीस अडतात. म्हणून तिथे आता नव्या लोकांना हे काम शिकवलं जातं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या गटाचीही आहे. पापडाचं पीठ एकीलाच जमतं, हिशोब एकीलाच येतो, मसाल्याचा अंदाज एकीच्याच हातात असतो. ती आजारी पडली तर? येत्या बैठकीत प्रत्येकीने आपलं एक काम दुसरीला शिकवायला घ्या. हातातली कला दुसऱ्या हातात गेली, तरच ती टिकते.