वरच्या मजल्यावरची ठकठक

(रौप्यमहोत्सवी समारंभात ‘शेजार’ या विषयावर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे वेळेचा हिशेब चुकणार नाही. पण शेजार या विषयावर उपदेश करायचा अधिकार मला नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच शेजाऱ्याशी भांडलो होतो. तेच सांगतो.

आमच्या नातीला पियानो शिकायची हौस. मुलगा पुण्याहून डिजिटल पियानो घेऊन आला. पेटी बारा-तेरा किलोची, खाली लोखंडी स्टँड, पायात पेडल. खऱ्या पियानोसारख्या ८८ पट्ट्या. मुलगा म्हणाला, “बाबा, हेडफोन लावला की बाहेर चकार शब्द ऐकू येत नाही.” मी तेच वाक्य लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवत होतो.

महिन्याभरात सचिवांकडे लेखी अर्ज आला. खालच्या घरातून. मजकूर साधा होता : ‘वरच्या घरातून रोज सकाळी तासभर ठोकल्याचा आवाज येतो, झोप होत नाही.’

मला राग आला. मी मुद्देसूद उत्तर लिहायला घेतलं. मुद्दा एक, आमचं वाद्य हेडफोनवर वाजतं. मुद्दा दोन, वेळ सकाळी नऊ ते दहा. मुद्दा तीन, ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. सबब तक्रार निराधार आहे, असा शेवट. बँकेतली सवय, दुसरं काय!

तो कागद खिशात घालून जिन्यात उतरलो, तर खालच्या घरच्या वहिनी दारातच भेटल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “काका, तुम्ही एकदा आत येऊन ऐका की. हे तिसऱ्या पाळीला आहेत. रात्री अकराला चिंचोळीला जातात, सकाळी आठला येतात. नऊला डोळा लागतो, आणि वर सुरू होतं.”

मी आत गेलो. वर नातीचा सराव चालूच होता. सूर एकही ऐकू येत नव्हता, पण छतातून ठक्, ठक्, ठकठक, ठक् येत होतं. मधूनच पेडलचा धप्प. कुणी छतावर बोटांनी टिचक्या मारतंय असं वाटावं. आवाज मोठा नव्हता. पण त्याला ना चाल ना ताल, पुढची ठक कधी येईल याची वाट बघत माणूस जागा राहतो. मी पाच मिनिटं बसलो आणि खिशातला कागद खिशातच ठेवला.

मंडळी, आपलं सोलापूर मागांच्या खटखटीत वाढलेलं गाव. मागाच्या आवाजात पाळण्यातलं पोर शांत झोपतं, हे आपण पाहिलंय. कारण ती खटखट एकसारखी असते. आवाज किती मोठा यापेक्षा तो कसा येतो, याला जास्त महत्त्व आहे. हे नियमावलीत लिहिलेलं नसतं.

मग मी याचं मूळ शोधायला बसलो. टॅली लागली नाही की आपण एकेक नोंद टिक मारत जातो, तसं.

पहिली गोष्ट कळली ती अशी. आपल्या पेटीची, म्हणजे हार्मोनियमची पट्टी दाबली की फक्त हवेची झडप उघडते. पियानोची तऱ्हा वेगळी. इटलीतल्या फ्लॉरेन्सला क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं, त्यात पट्टी दाबली की हातोडी उडून तारेवर आपटते. डिजिटल पियानोत तार नसते, पण हाताला तसंच जड लागावं म्हणून प्रत्येक पट्टीला लहानसं वजन जोडलेलं असतं. पट्टी दाबली की ती खालच्या नमद्याच्या पट्टीवर टेकते, आणि ते वजन आपली हालचाल करतं. हेडफोन विजेतून येणारा सूर बंद करतो. हा धक्का तो कसा बंद करणार? धक्का पेटीतून स्टँडमध्ये, स्टँडच्या पायांतून फरशीत, आणि फरशीतून स्लॅबमध्ये. खालच्या माणसाचं छत म्हणजे आमचीच जमीन.

आता उपाय. पहिला उपाय सोलापुरी माणूस काय करणार? चादर! दोन सोलापुरी चादरींच्या घड्या करून स्टँडखाली घातल्या. वर एक टॉवेल. काही फरक नाही. कारण स्टँडचे पाय बारीक, सगळं वजन चार ठिकाणी, तिथे चादर दबून पापडासारखी झाली. मऊपणाच उरला नाही, तर धक्का कोण खाणार?

तेव्हा मला आई आठवली. वाड्यात माडीवर खलबत्ता कुटायचा असला, तर ती आधी गोणपाटाची जाड घडी घालायची, त्यावर लाकडी पाट, आणि पाटावर खलबत्ता. नुसत्या गोणपाटावर कधीच नाही. पाट वजन पसरवतो, गोणपाट धक्का खातं. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण सूत्र तिला माहीत होतं.

तेच केलं. सुताराकडून स्टँडपेक्षा थोडा मोठा असा पाऊण इंची प्लायवूडचा तुकडा आणला. त्याखाली वॉशिंग मशीनच्या पायाखाली घालतात ते रबरी ठोकळे, आणि त्यांच्याखाली व्यायामशाळेत वापरतात ती जाड रबरी चटई. पेडलही त्याच फळीवर घेतलं, नाहीतर धप्प तसाच राहिला असता. चादर फुकट गेली नाही, ती नातीच्या खुर्चीखाली गेली.

दुसरं, जागा बदलली. पियानो खोलीच्या मधोमध होता, आणि खाली नेमकी त्यांची झोपायची खोली. स्लॅब मध्यभागी जास्त थरथरतो, बीम-भिंतीजवळ कमी. म्हणून तो हॉलच्या कोपऱ्यात, बीमच्या कडेला नेला. खाली तिथे त्यांचं स्वयंपाकघर येतं.

तिसरी गोष्ट नातीच्या बाईंनी सांगितली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आम्ही हेडफोनचा आवाज एकदम बारीक ठेवला होता. पोरीला नीट ऐकू येईना, म्हणून ती पट्ट्या आणखी जोरात बडवत होती! आवाज बेताचा वाढवला, आणि पट्टीचा स्पर्श ‘हलका’ करायची सोय त्या यंत्रात असते ती लावली. बोटं आपोआप मऊ झाली.

इतकं करूनही मधला एक सूर वाजला की ‘टर्र’ यायचंच. इथे एक नियम लक्षात ठेवा. सगळ्याच पट्ट्या आवाज करत असतील तर ती यंत्राची रीत समजा, एकच करत असेल तर काहीतरी बिघाड. आधी आसपास बघा. आमच्याकडे स्टँडचा एक नट सैल होता, आणि शोकेसची काच एका सुराला थरथरत होती. नट आवळला, काचेच्या कडेला नमद्याचा तुकडा लावला. तरी एक पट्टी राहिलीच. हार्मोनियम दुरुस्त करणारे एक ओळखीचे कारागीर आले. वायर काढून, पेटी अलगद तिरकी करून त्यांनी हलवली, तर आतून मोत्याचा मणी निघाला. नातीच्या तुटलेल्या माळेतला! ते म्हणाले, “साहेब, तेलाचा थेंब कधी सोडू नका. तेल धूळ धरतं, आणि पट्टी कायमची चिकटते.” वर्षानुवर्षं वाजवून आतला नमदा झिजला तर मात्र तो जाणकाराकडूनच बदलून घ्यावा, आणि वॉरंटी असेपर्यंत झाकण आपण उघडू नये.

सगळा खर्च दोन-अडीच हजारांच्या आत.

मग चाचणी. मी खाली वहिनींच्या खोलीत, नात वर, दोघांच्या हातात फोन. ती म्हणायची, “आबा, आता वाजवतेय हं,” आणि मी म्हणायचो, “वाजव की!” ती म्हणाली, “वाजवून झालं!”

तरीही अगदी शून्य झालं असं नाही. रात्रीच्या शांततेत कान देऊन बसलं तर बारीकसं कळतं. म्हणून शेवटचा उपाय यंत्राचा नव्हता. खालच्या घरच्या भाऊंनी आपल्या पाळ्यांचा तक्ता लिहून दिला, तो आमच्या फ्रिजवर लावलाय. तिसरी पाळी असेल त्या आठवड्यात सराव संध्याकाळी, पहिली असेल तेव्हा सकाळी. नातीला आता त्यांच्या पाळ्या माझ्यापेक्षा पाठ आहेत.

मंडळी, आपल्या सोसायटीतली कितीतरी घरं चिंचोळी एमआयडीसीच्या पाळ्यांवर चालतात. आपल्याकडे सकाळचे दहा म्हणजे कुणाची तरी मध्यरात्र असते. कायद्याला दिवस सहाला सुरू होतो हे खरं, पण कायद्याला खालच्या मजल्यावर कोण झोपलंय ते माहीत नसतं. ते आपल्यालाच माहीत हवं. हाच नियम मिक्सरला, खुर्च्या ओढण्याला, ड्रिल मशीनला आणि पोरांच्या चेंडूलाही लागू.

तक्रार अर्जाची सोय असू द्या, ती लागतेच. त्या अर्जाबद्दल आज माझ्या मनात राग नाही. पण अर्जावर उत्तर लिहिण्याआधी एकदा खालच्या घरात जाऊन पाच मिनिटं बसा. माझं ते मुद्देसूद उत्तर अजून कपाटात आहे. त्यातला प्रत्येक मुद्दा बरोबर होता, आणि तरी ते उत्तर चूक होतं.

आज या कार्यक्रमात नात पियानो वाजवणार आहे, हेडफोनशिवाय. भाऊंची आज सुट्टी आहे, मी तक्ता बघून आलोय. ते पहिल्या रांगेत बसलेत.

दहा मिनिटं झाली.