किल्लारी आणि आपत्ती व्यवस्थापनाची जागतिक तत्त्वे

आपत्ती व्यवस्थापन म्हणजे संकट ओढवल्यावर करायची धावपळ, हा समज विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जगभर रूढ होता, आणि या विषयाचा आंतरराष्ट्रीय इतिहास हा बव्हंशी तो समज हळूहळू मोडत गेल्याचा इतिहास आहे. १९०८ मध्ये इटलीतील मेसिना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाल्यानंतर जोव्हान्नी चिराओलो या इटालियन सिनेटराने राष्ट्राराष्ट्रांनी मिळून संकटनिधी उभारावा अशी कल्पना मांडली. तिच्यातून १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय मदत संघाचा करार झाला, पण पैसा आणि राजकीय इच्छा या दोहोंअभावी तो संघ कधी मूळ धरू शकला नाही. पुढे १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपत्ती मदतीसाठी स्वतंत्र कार्यालय काढले, आणि डिसेंबर १९९१ मध्ये आमसभेने ठराव क्रमांक ४६/१८२ संमत करून मदतीची तीन तत्त्वे नोंदवली : मानवता, तटस्थता आणि निःपक्षपात. निःपक्षपात म्हणजे मदत गरजेच्या प्रमाणात द्यावी, माणसाचा दर्जा पाहून नव्हे. मदतीची पहिली जबाबदारी संकटग्रस्त देशाच्या शासनाचीच आहे, हेही त्याच ठरावाने स्पष्ट केले. १९९० ते १९९९ हे दशक तर नैसर्गिक आपत्ती कमी करण्यासाठीच जाहीर झालेले होते, आणि त्या दशकाच्या चौथ्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेलेली असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारीची जमीन हादरली.

सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे दगावली, सुमारे १६,००० जखमी झाली, आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे इतकी ढासळली की ती मूळ जागी पुन्हा उभारण्याचा विचारच सोडावा लागला. भूकंपाची तीव्रता मात्र ६.२ ते ६.४ एवढीच होती. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे ६.९ तीव्रतेचा, म्हणजे कितीतरी अधिक ऊर्जेचा भूकंप झाला आणि त्यात ६३ माणसे मृत्युमुखी पडली. हा फरक भूगर्भातला नाही, तो भिंतींतला आहे. शास्त्रीय परिभाषेत भूकंप हा 'धोका' होय. त्या धोक्याच्या वाटेत किती माणसे राहतात आणि त्यांची घरे किती दुर्बळ आहेत यावर 'जोखीम' ठरते, आणि जोखीम प्रत्यक्षात उतरते तेव्हा तिला 'आपत्ती' म्हणतात.

त्या भिंतींची रचना नीट पाहिली पाहिजे. या भागातील जुन्या घराची भिंत दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड असे, परंतु ती एकसंध नसे. आत आणि बाहेर दगडांचे दोन पदर रचून मधली पोकळी माती व बारीक दगडांनी भरलेली असे, आणि दोन्ही पदरांना आरपार जोडणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. वर लाकडी खांब आणि तुळयांवर तोललेले मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, आणि असे थर साचत माळवद दीड-दोन फुटांवर जायचे. उन्हापावसापासून घराला जपणारी ही पद्धत पिढ्यानुपिढ्या शहाणपणाचीच ठरली होती. पण जमीन हादरताच भिंतीचे पदर फुगून सुटे झाले आणि दगडमातीच्या राशीखाली माणसे गुदमरली. लाकडी सांगाडा भक्कम होता तिथे खांब उभे राहिले आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

सूचना मिळालीच नव्हती असेही म्हणता येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात किल्लारी परिसराला वारंवार धक्के बसले, त्यांतला मोठा १८ ऑक्टोबरचा होता. अशा धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाची वेळ सांगता येत नाही, हे खरे. परंतु वेळ सांगता आली नाही तरी भिंत बांधून घेता येते. तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होता, आणि तो विभाग ३ मध्ये गेला तो २००२ साली.

पुनर्वसनाचा 'महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम' जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवला गेला. ५२ गावांचे स्थलांतर झाले आणि नव्या घरांचे आकार जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४००, मोठ्यांना ७५०. शासनाची अडचण समजण्याजोगी होती, कारण बैलजोडी आणि धान्य ठेवायला जागा लागतेच; तरीही निःपक्षपाताच्या कसोटीवर ही वाटणी उतरत नाही, कारण भूमिहीनाच्या घरातली तोंडे जमिनीच्या मापाने कमी होत नाहीत.

स्थलांतरित गावांची चर्चा अधिक झाली, परंतु या कार्यक्रमाचा अधिक मोलाचा भाग दुसराच आहे. कमी हानी झालेल्या सुमारे अडीच हजार गावांत जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्या हाती सोपवले गेले, अनुदान आणि अभियंत्याची देखरेख शासनाची. भिंतीला छिद्र पाडून त्यात लोखंडी सळई व काँक्रीटचा आरपार बंध घालणे, भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवणे, माळवदावरची जादा माती उतरवणे, खांब-तुळईच्या सांध्यात तिरपे आधार देणे, एवढीच ही विद्या. अनेकांनी जुन्या भिंतीवरचा विश्वास उडाल्यामुळे त्याच पैशात शेजारी नवी खोली बांधली, आणि त्यांची भीती अवाजवी म्हणता येणार नाही. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. बांधकामाची माहिती घरोघरी पोचवणे आणि गावाचे म्हणणे अधिकाऱ्यांपुढे मांडणे हे काम त्यांनी केले. २००१ च्या भूकंपानंतर याच बायका कच्छमधील बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

किल्लारीनंतर आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, योकोहामा येथे नैसर्गिक आपत्ती कमी करण्याविषयीची पहिली जागतिक परिषद भरली. नंतर २००५ चा ह्योगो आराखडा आणि २०१५ चा सेंदाई आराखडा आला. भारताचा आपत्ती व्यवस्थापन कायदाही २००५ चाच. सेंदाईत पूर्वीपेक्षा भक्कम उभारणी करण्याचा आणि त्या कामात स्त्रियांना नेतृत्व देण्याचा आग्रह आहे, आणि त्यातले पुष्कळसे औसा, उमरगा, लोहारा, निलंगा या तालुक्यांत त्याआधी दोन दशके करून पाहिले गेले होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, सौम्य धक्क्यांची नोंद झाली, आणि लोक भीतीने घराबाहेर झोपू लागले. शास्त्रज्ञांची पथके आली आणि यंत्रे बसली, हे योग्यच झाले. त्यासोबत तालुक्यातील प्रत्येक गावात अजून किती घरांवर मातीचे माळवद आहे, त्यांपैकी किती भिंतींत आरपार बंध आहेत आणि १९९३ नंतर घातलेले पट्टे आज कोणत्या स्थितीत आहेत, याची यादी ग्रामसभेपुढे ठेवण्याचे काम ग्रामपंचायतीने हाती घेतले पाहिजे. त्यासाठी लागते ती एक मोजपट्टी, एक वही आणि त्या काळी संवाद सहायक म्हणून काम केलेल्या बायकांपैकी कोणी बरोबर असली तर तिची नजर.