दुधाची दाढ आणि बापाचा हात
(मलकापूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, 'मुलांच्या दुधाच्या दाढा : वाढ, विकार आणि उपचार'. तिन्हींवर बोलणार आहे. पण मी इथे एक मागणी घेऊन आले आहे, ती आधी सांगून टाकते. मूल आठ वर्षांचं होईपर्यंत रात्री त्याचे दात मोठ्या माणसानं घासून द्यावेत, आणि हे काम वडिलांनी करावं. (महिलांकडून टाळ्या.) टाळ्या राखून ठेवा, अजून मला ते पटवून द्यायचंय.

दुधाचे दात वीस, त्यांत दाढा आठ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. ठाऊक नसतं ते त्यांचं वेळापत्रक. या दाढा आईच्या पोटात असतानाच घडायला लागतात. पहिली साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास हिरडीतून वर येते, दुसरी अडीच वर्षांच्या आसपास. आणि पडतात कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलतात, म्हणून आपण दाढांनाही तोच हिशेब लावतो. दाढा पडतात दहाव्या ते बाराव्या वर्षी. पाच वर्षांच्या मुलाची दाढ ठणकते तेव्हा घरात कुणीतरी म्हणतं, "पडणारच आहे, कशाला खर्च?" त्या दाढेला अजून पाच-सहा वर्षं भाकरी चावायची असते!

शिवाय ती एकटी नसते. तिची मुळं फाकलेली असतात आणि त्यांच्या बेचक्यात कायमच्या उपदाढेचा अंकुर वाढत असतो. वर दुधाची दाढ उभी आहे तोवर त्याची जागा शाबूत. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल असतो ना, तशी ही दाढ. (हशा.) रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो. दाढ अवेळी काढली की मागची मोठी दाढ पुढे सरकते, आणि खालचा दात जागा नाही म्हणून वाकडा येतो किंवा आतच अडकतो. मुळाशी पू साचला तर अंकुरालाच इजा होते, आणि कायमचा दात डागाळलेला, खड्ड्याखड्ड्यांचा येतो.

ही दाढ इतक्या लवकर का किडते? तिचं वरचं टणक आवरण जेमतेम एक मिलिमीटर, कायमच्या दाढेच्या निम्मं. नस मोठी आणि पृष्ठभागाजवळ. दोन दाढा एकमेकींना सपाट चिकटलेल्या, त्यामुळे कीड सुरू होते ती मधल्या फटीत. आईला काळा खड्डा दिसेपर्यंत ती बऱ्याचदा नसेपर्यंत पोचलेली असते.

कीड म्हटलं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाजारात दातातली कीड काढून देणारे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. निखाऱ्यावर भुईरिंगणीचं बी टाकायचं, नळीनं धूर तोंडात घ्यायचा, मग वाटीतल्या पाण्यावर पांढऱ्या अळ्या तरंगताना दिसायच्या. (मागून : "खरंच दिसायच्या!") दिसायच्या, खोटं नाही. युरोपात हाच प्रकार खुरासनी ओव्याच्या बियांनी चालायचा. दोन्ही झाडं वांग्याच्या कुळातली. तिकडे तपासलं तेव्हा कळलं, की बी तापून फुटलं की आतला वळलेला पांढरा कोंब बाहेर पडतो आणि हुबेहूब अळीसारखा दिसतो. जवळ कुणाचं तोंड नसतानाही 'अळ्या' निघतात! ही समजूत हजारो वर्षांची. बॅबिलोनच्या विटांवर ती आहे, सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' आहे. फ्रान्सच्या पिएर फोशारनं 1728 च्या ग्रंथात लिहिलं, की मी भिंगातून पाहिलं, मला अळी सापडली नाही. मग किडवतं काय? दातावरचे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. प्रत्येक घासानंतर अर्धा तास तरी त्या आम्लात दात विरघळत असतो. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे मोठं. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात 1945 नंतर झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं, दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात सर्वांत जास्त किडले. ते प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता केले गेले, हेही विसरता कामा नये.

(एक ज्येष्ठ श्रोते : "बाई, आम्ही राखुंडीनं घासले, बत्तीस शाबूत आहेत.") आजोबा, लहानपणी गोड कधी मिळायचं? ("सणावाराला.") तुम्हीच उत्तर दिलंत. आज सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत पाच रुपयांचा पुडा, संध्याकाळी क्रीमरोल, आणि निजताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. गूळही त्यातच आला. (गलका.) कोल्हापूर जिल्ह्यात उभी राहून बोलतेय, कळतंय मला! गूळ सोडा म्हणत नाही, जेवणात खा म्हणते. जंतूला गूळ आणि साखर सारखीच. 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले निघाले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं. उपचार भरभर सांगते. कीड नुसती सुरू झाली असेल तर फ्लोराइडचा लेप. खड्डा असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, किडलेला भाग काळा पडतो पण कीड थांबते. नाहीतर खड्ड्यात दाताचं सिमेंट भरायचं. यातले शेवटचे दोन जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. नसेपर्यंत गेलं असेल तर नसेचा उपचार करून वर स्टीलची कॅप. स्कॉटलंडच्या नोर्ना हॉल या डॉक्टरबाईंनी तर नस निरोगी असलेल्या दाढेवर इंजेक्शन, ड्रिल काहीही न वापरता कॅप बसवायला सुरुवात केली. आत कोंडलेल्या जंतूंची रसद तुटते आणि कीड थांबते. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसवून घ्या. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 साली आपल्याच पालघरात सुरू झाला, त्यात दात तपासणं आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. आलं की विचारा, माझ्या मुलाच्या दाढा पाहिल्या का?

आता माझी मागणी. रात्रीच का? झोपेत लाळ आटते, दात धुवायला कुणी उरत नाही. मोठ्यानंच का? सहा वर्षांच्या मुलाचा हात मागच्या दाढेच्या गालाकडच्या अंगाला नीट पोचत नाही. ते ब्रश चघळतं, घासत नाही. वडीलच का? दिवसभराची बाकी सगळी कामं आईकडेच असतात म्हणून! (टाळ्या.) पोराचं डोकं मांडीवर घ्या. बोटानं गाल बाजूला करा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. दोन मिनिटं. थुंकायला सांगा, चूळ भरायला नको.

एकच सांगते आणि बसते. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते, आणि आयुष्यात दुसरी मिळत नाही. रोज रात्री पोराच्या तोंडात डोकावणाऱ्या बापाला ती आली त्याच आठवड्यात दिसेल. बाकीच्यांना ती ठणकल्यावर कळेल. बाबा मंडळी, आजच्या रात्रीपासून सुरुवात करा.