परवडणारा लेथ
(रेडिओवरील भाषण)



नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थास त्याचे हितचिंतक बहुधा दोनच मार्ग सुचवितात, एक तीर्थयात्रेचा आणि दुसरा सकाळी टेकडीवर फिरावयास जाण्याचा. परंतु तालुका कचेरीच्या दप्तरात उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार लिहिण्यात गेल्यामुळे मला मात्र अशी अनावर इच्छा झाली की, आता आपण असे काहीतरी करावे, जे कागदावर नसेल आणि ज्याला हात लावून पाहता येईल. या इच्छेचे मूळ कोठे असावे याचा तपास मी जेव्हा केला, तेव्हा तो थेट आमच्या गावच्या पेठेच्या टोकाशी, एका कातार्‍याच्या पडवीत जाऊन पोहोचला.

हा कातारी जमिनीवर बसून काम करी. दोन ठेंगण्या खुंटांना समोरासमोर दोन लोखंडी अणकुच्या बसविलेल्या असत, त्यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा अडकवून त्याला दोरीचे वेढे दिलेले असत, आणि समोर बसलेली त्याची बायको दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढी. लाकूड एकदा पुढे फिरे आणि एकदा मागे. पुढे फिरण्याच्या त्या अर्ध्या क्षणापुरती तो आपली पटाशी टेकवी, मागे फिरताना ती केसभर उचली. आणि पटाशीचे पाते हलू नये म्हणून पायाच्या अंगठ्याने ते असे दाबून धरी की, त्याचे पाय हे दुसरे हातच आहेत असे आम्हा मुलांना वाटे. पाळण्याचे गज, चौरंगाचे पाय, रव्या, लाटणी आणि आमच्या दृष्टीने मुख्य म्हणजे भोवरे, हे सर्व त्या खुंटांमधून निघे. इतका स्वस्त लेथ मी त्यानंतर पाहिलेला नाही. दोन ओंडके, दोन खिळे आणि एक सुंभाची दोरी, एवढेच त्याचे भांडवल. मात्र त्याला चालविण्यासाठी जी दोन माणसे लागत, त्यांपैकी एक आयुष्यभर दोरी ओढण्यास राजी असावे लागे. आमच्या घरी असा प्रस्ताव मांडण्याचे धैर्य मला झाले नाही, सबब विजेवर चालणाऱ्या यंत्राचा शोध करणे प्राप्त झाले.

रशियाचा सम्राट पहिला पीटर यालाही हाच छंद होता. त्याने राजवाड्यात कातकामाची कार्यशाळाच थाटली होती आणि आंद्रेई नार्तोव नावाचा अत्यंत कुशल कारागीर पदरी ठेवला होता. सम्राटाला खर्चाची मंजुरी कोणाकडून घ्यावी लागत नव्हती, एवढाच काय तो त्याच्यात आणि माझ्यात फरक. मला जी रक्कम मंजूर झाली ती देताना, ‘एकदाच,’ असा शेराही तोंडी मारण्यात आला होता.

ती रक्कम मी पहिल्याच झपाट्यात वाया घालविली. एका विक्रेत्याची जाहिरात वाचून मी घरबसल्या एक इवलासा लेथ मागविला. जाहिरातीत त्याची लांबी होती, वेग होता, त्यावर कोणकोणत्या वस्तू होऊ शकतील याची यादीही होती. नव्हते ते फक्त वजन, आणि त्या अनुल्लेखाचा अर्थ मला खोके उचलताच कळला. ज्याला एका हाताने उचलता येते ते यंत्र लाकडाला धरून ठेवू शकत नाही. पटाशीचा स्पर्श होताच मोटर गुरगुरून थांबे, आणि स्पर्श न होईल तर सर्व यंत्र टेबलावरून चालू लागे. लाकडी मणी किंवा लेखणीची नळी यांपुरता त्याचा उपयोग होईल, हे मी न्यायबुद्धीने कबूल करतो. परंतु दांड्याएवढे काही त्यावर करावयाचे म्हणजे शेळीला औताला जुंपण्यासारखे आहे.

मग मी बाजार पालथे घातले. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तेथे मी इतक्या वेळा गेलो की, पथारीवाले मला चहा विचारू लागले. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरही हिंडलो. तेथे ‘लेथ’ म्हटले की दुकानदार लोखंड कातण्याचा लेथ दाखवितात. राजकोटचे आणि बटाल्याचे हे भक्कम यंत्र पाहून डोळे निवतात, पण लाकडाला हवा तेवढा वेग त्याला सहसा नसतो आणि त्याची किंमत व वजन ही दोन्ही आमच्या ओसरीला झेपणारी नव्हती. लाकडासाठी परदेशी धर्तीचे छोटे, चांगले लेथ आता मिळतात, ज्यांवर दहा इंच व्यासाचे ताट आणि दीड फूट लांबीचा दांडा सहज बसेल. ते निर्दोष आहेत, परंतु माझी मंजूर रक्कम, श्रोते जाणतातच, अगोदरच खर्ची पडली होती.

या भटकंतीत एक गोष्ट मला उमगली, ती मी येथे जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाचे पैसे तीमुळे वाचण्याचा संभव आहे. लेथ नावाच्या यंत्रात जे महाग असते आणि अचूक असावे लागते ते फार थोडे आहे: फिरणारा दांडा, ज्याला स्पिंडल म्हणतात, आणि त्याला पेलणारी दोन बेअरिंगे. बाकीचे सर्व, म्हणजे तळाचा सांगाडा, हत्यार टेकविण्याचा टेकू, दुसऱ्या टोकाचा आधार, हे भक्कम आणि सरळ असले म्हणजे पुरे. तेव्हा स्पिंडलवर पैसा खर्च करावा आणि इतरत्र हात आखडावा. स्पिंडल पोकळ असावा, त्याच्या तोंडाशी दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे आत निमुळते होत जाणारे भोक, असावा आणि बाहेरून एक इंच व्यासावर इंचाला ८ आटे असावेत; कारण ही मापे प्रचारात असल्याने पुढे लाकूड पकडणारा कोणताही चक किंवा अणी बाजारातून आणून बसविता येते. ज्या स्वस्त यंत्राचे आटे जगावेगळे असतात, ते यंत्र आपल्याला त्याच्या विक्रेत्याचे कायमचे कूळ करून ठेवते.

अखेर भोसरीच्या एका लहानशा शेडमध्ये एका कारागिराने मला असा स्पिंडल कातून दिला. पाडलेल्या वाड्याच्या दोन सागवानी तुळया वखारीतून आणल्या, त्यांमध्ये बोटभर फट ठेवून त्या आडव्या जोडल्या, आणि त्यांवर दोन्ही टोकांची डोकी बसविली. लाकडाच्या तुळयांवर लाकूड कातणे यात काही नवे नाही. लोखंड स्वस्त होण्यापूर्वी सर्वत्र हीच चाल होती, आणि लाकूड कंप शोषून घेते हा त्यातला फायदा आहे. खाली रेतीची पोती रचली. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, एकपदरी विजेवर चालणारी, आणि चहूबाजूंनी बंद अशी घेतली. उघड्या मोटरीत लाकडाचा भुसा शिरतो आणि मग ती जळण्यास निमित्त लागत नाही.

आता वेगाचा प्रश्न. वेग हवा तसा बदलणारी विजेची साधने मिळतात, परंतु त्यांचे काम तीन टप्प्यांच्या दोन पुल्या आणि एक पट्टा यांनी भागते. माझी मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. दोन्ही पुल्या एकमेकींच्या उलट बसविल्या म्हणजे पट्टा सरकवून ७२०, १४४० आणि २८८० असे तीन वेग मिळतात. कातकाम करणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे, तो असा की, लाकडाचा व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान राहावा. आठ इंचांच्या वाडग्याला पहिला वेग, पाच इंचांच्या वाटीला दुसरा आणि लाटण्याला तिसरा, असा हिशेब जवळजवळ बरोबर जमतो. हा जमाखर्च मांडताना कचेरीतील माझ्या नोकरीचे प्रथमच सार्थक झाल्यासारखे वाटले. ओबडधोबड, अजून गोल न झालेला तुकडा मात्र, तो कितीही बारीक असो, सर्वांत हळू वेगावर चढवावा, आणि बटण दाबण्यापूर्वी हाताने एकदा पुरता फिरवून पाहावा.

हत्यारांसाठी वेगळी तजवीज ठेवावी, आणि ती यंत्राच्या खर्चाच्या निम्म्याने तरी असावी. एक गोल पटाशी, एक तिरकस धारेची आणि एक तुकडा तोडण्याची, एवढ्यावर वर्षभर निभावते. मोडक्या कानशी घासून पटाश्या करण्याचा मोह पुष्कळांना होतो. कानशीचे पोलाद कडक खरे, पण ठिसूळ असते. ते फिरत्या लाकडावर अडकले की काचेसारखे तुटते आणि तुकडा कोठे जाईल याचा नेम नसतो. त्यापेक्षा लोहाराकडून मोटारीच्या कमानपाट्याची पटाशी घडवून घेतलेली बरी. पोशाखाविषयी सांगावयाचे तर उपरणे, लोंबत्या बाह्यांचा सदरा आणि हातमोजे या तिन्ही गोष्टी लेथजवळ वर्ज्य होत. चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल मात्र असावी.

लाकूड विकत घेण्याची गरज फारशी पडत नाही. पावसाळ्यात पडलेल्या फांद्या कोणी कोणाला नाकारीत नाही. सावंतवाडीचे कारागीर चितार आळीत जी रंगीत फळे आणि खेळणी विकतात, त्यांना आंब्याचे आणि पांगाऱ्याचे लाकूड पुरत आले आहे. सागवान दिसावयास सुरेख, पण त्यात वाळूसारखा अंश असल्याने पटाशीची धार पाहता पाहता जाते. नवशिक्याने ओल्या आंब्यावर हात बसवावा. साली लांब फितीसारख्या निघतात आणि मनुष्य दिवसभर नुसत्या साली काढण्यातच रमतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली असता घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून रंग बसतो, आणि केवड्याच्या वाळलेल्या पानाने त्याला चकाकी येते, हे मी ऐकून होतो. स्वतः करून पाहिले तेव्हा पहिल्या खेपेस रंग माझ्या चष्म्यावर अधिक बसला.

माझा मानस पहिला भोवरा करण्याचा होता आणि त्यासाठी बाभळीचा एक तुकडा सावलीत वाळवूनही ठेवला होता. परंतु मंजुरी देणाऱ्या खात्याचा हुकूम लाटण्याचा सुटला. ते लाटणे मी दोन दिवसांत केले. ते मध्यभागी किंचित जाड राहिले आहे, त्यामुळे पोळी मधोमध पातळ होते आणि कडेला जाड, अशी तक्रार रोज सकाळी माझ्या कानांवर येते. जुने लाटणे मात्र फडताळातून अजून बाहेर काढण्यात आलेले नाही.