सोमवार, दुपारी तीन ते पाच

लोकशाही म्हटलं की आपण दिल्लीकडे बघतो. आज मला तुम्हाला नगरपालिकेच्या जिन्यापर्यंतच न्यायचं आहे.

जरा हिशेब आठवा. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांची निवडणूक झाली २०१५ साली. मुदत संपली २०२० मध्ये. पुढचं मतदान थेट डिसेंबर २०२५ मध्ये. शेजारच्या उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ला संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ला. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी. पण आधी कोविड आला, मग ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे वाद. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. २०२०ला पाचवीत असलेलं पोर तोवर दहावी पास झालं. एवढी वर्षं आपण कर भरत होतो, कामांची बिलं निघत होती आणि सभागृहात प्रश्न विचारायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. मला हे फार लागलं.

त्या काळातही एक दार उघडं होतं, आजही आहे. नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांतसुद्धा, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागदपत्रं बघू द्यायची आहेत. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती आणि सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर तिचा नेटाने वापर करायचे. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांपर्यंत थांबावं लागतं. इथे समोर बसून फाईल वाचायची.

मी पूर्वी राहायचो त्या गावात शेजारच्या काकूंना घेऊन असाच एका सोमवारी गेलो. कारकुनांनी विचारलं, "कशाला हवंय?" काकू म्हणाल्या, "बघायला." आमच्या गल्लीतल्या गटाराची फाईल आली. त्यात अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका होती. पुस्तिकेत लांबी होती ८६ मीटर. काकूंनी ती वहीत उतरवली. संध्याकाळी गवंड्याची टेप मागून आणली आणि तीन तुकड्यांत गटार मोजलं. टेपचं एक टोक काकूंच्या हातात, दुसरं माझ्या. ८६च भरलं.

पुढच्या सोमवारी आम्ही ते सांगायला गेलो. कारकून बघतच राहिले. म्हणाले, "जुळलं म्हणून सांगायला आजवर कोणी आलं नव्हतं." आणि त्यांनी काकूंसाठी खुर्ची पुढे केली. त्यानंतर आम्हाला फाईल मागावी लागली नाही, ती टेबलावर काढून ठेवलेली असे. चोरी पकडायलाच जावं असं नाही, मंडळी. कोणीतरी मोजतंय हे माहीत असलं की मोजमाप नीट लिहिलं जातं.

आता नगरसेवक आलेत, मग आपलं काय काम, असं कोणी म्हणेल. नगरसेवकाच्या हातात आपण काय देणार, ते ठरवायला आपल्यालाच कागद वाचावा लागेल. मतदार यादीचंही तसंच. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतींचे मोजके दिवस मिळतात. आपल्या इमारतीतलं कोण वारलं, कोण घर सोडून गेलं, कोणाचं नाव दोनदा आलंय, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं.

अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सोमवार कसा जमणार, हा प्रश्न खरा आहे. पण पहिली पाळी ज्यांची तीनला सुटते, ते साडेतीनला पोहोचू शकतात. दोघे हवेत, एक वाचायला, एक लिहायला. येत्या सोमवारी मी जातोय. वही इथे टेबलावर ठेवतो, जाताना नाव लिहा.