वेग विकत घ्यावा काय?

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. मी टेंभुर्णीचा रहिवासी. माढा तालुक्यांतलें हें गांव पुणें-सोलापूर राजमार्गावर वसलेलें आहे. एका अंगास उजनीचा जलाशय, दुसऱ्या अंगास पंढरपूरची वाट, आणि चहूंकडे ऊस. अशा गांवच्या माणसानें तीन तीन कोटींच्या मोटारींविषयीं बोलावें, म्हणजे ज्याच्या गोठ्यांत बैल नाहीं त्यानें शर्यतीचे डाव सांगण्यासारखें आहे. परंतु हा प्रश्न मी शोधीत गेलों नव्हतों. तो माझ्याच ओसरीवर येऊन बसला.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. दिवाळीस घरीं आला तेव्हां त्यानें सांगितलें कीं, दूरच्या एका शर्यतमार्गावर पैसे भरून सुपरकार चालवावयास मिळते. तीन फेऱ्यांस पंचवीस हजार रुपये पडतात, आणि ते त्यानें आपल्या पगारांतून बाजूस ठेविले आहेत. माझे वडील बंधु क्षणभर स्तब्ध राहिले व मग म्हणाले, "अरे, सात टन ऊस झाला हा!" हिशेब बरोबर होता. २०२४-२५ च्या गाळप हंगामासाठीं केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनास ३,४०० रुपये, हा दर ठरविला होता. तोडणीची वाट पाहत ज्यानें रात्री काढल्या, त्यास रुपयाचें मोल टनांतच कळतें.

पुतण्या म्हणाला, "आबा, ती मोटार मला साऱ्या जन्मांत विकत घेतां येणार नाहीं. पण एकदां चालवितां तरी येईल." मग दोघांनींही माझ्याकडे पाहिलें. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकविण्यांत आयुष्य घालविलेला माणूस. निवाड्याचें काम आपसुक माझ्याकडे आलें.

प्रथम हा व्यवहार काय आहे तें पाहूं. पैसे देऊन शर्यतीच्या मार्गावर फिरण्याची चाल नवी नाहीं. जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग हा मार्ग १९२७ सालीं खुला झाला, तेव्हांपासून शर्यत नसेल त्या वेळीं सामान्य माणसास पैसे भरून तेथें आपली मोटार नेतां येऊं लागली. आपल्या देशांत मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें १९९० पासून असा मार्ग आहे. कोइमतूरजवळचा २००३ पासून आहे. आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध मार्ग २०११ सालीं सुरू झाला, जेथें २०११ ते २०१३ हीं तीन वर्षें फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. मोटार विकणाऱ्या कंपन्या व खाजगी संस्था अशा मार्गांवर अधूनमधून असे दिवस भरवितात.

सुपरकार हें नांव मोठें. पण तिच्या एका प्रसिद्ध घराण्याचें कुळ पाहिलें तर तें आपल्या शिवारास परकें नाहीं. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हा इटलींतल्या शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धांतून उरलेल्या लष्करी सामानांतून त्यानें प्रथम ट्रॅक्टर बनविले, १९४८ सालीं त्यांचा कारखाना काढला, आणि १९६३ सालीं मोटारींचा. त्याच्या मोटारीवरील चिन्ह बैलाचें. १९६६ सालीं प्रसिद्धीस आलेल्या त्याच्या 'मिउरा' मोटारीस झुंजीचे बैल पोसणाऱ्या एका स्पॅनिश घराण्याचें नांव दिलेलें आहे. पुढें २०१४ सालीं निघालेल्या 'हुराकान' मोटारीचें इंजिन ६१० अश्वशक्तीचें होतें, आणि उभ्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग ती ३.२ सेकंदांत गांठीत असे. आपल्या शेतांतला ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचा धरला, तर बारा ट्रॅक्टरांचें बळ एका आसनाच्या पाठीशीं बांधलेलें! तरुणाचें मन तिकडे ओढलें, तर त्यांत नवल तें काय?

ही ओढ आपल्या लोकांस ठाऊक नाहीं असें कोण म्हणेल? बैलगाडा शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बंदी आली, तेव्हां गांवोगांवीं लोक कसे हळहळले; डिसेंबर २०२१ मध्यें परवानगी मिळतांच पुन्हां कशी गर्दी लोटली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला तेव्हां कसा गुलाल उधळला, हें आपण पाहिलेंच आहे. पण एक गोष्ट ध्यानांत घ्या. बैलगाडा घाटांत पळतो, बाजारपेठेंतून पळत नाहीं. वेगास जागा नेमून द्यावी लागते, हें शहाणपण आपल्या अडाणी म्हणविणाऱ्या आजोबांस होतें.

या ठिकाणीं मीं पुतण्यास एकच प्रश्न विचारला: "तूं पुण्याहून येतांना गाडी किती वेगानें आणलीस?" तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "इंदापूरच्या पुढें एकदां १४० पर्यंत गेली होती." दिवाळीचा सुमार, वेळ रात्रीची, ऊस भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर त्याच रस्त्यानें चालतात, आणि कित्येकांच्या पाठीमागें दिवा नसतो. ताशीं १४० किलोमीटर वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें ३९ मीटर जाते. पुढची ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यावर थांबण्याचें अंतर चौपट होतें. हें गणित शाळेंत मीं त्यालाच शिकविलें होतें.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील शेंकडा सत्तरांहून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदरांत मोडतात. आणि १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरांत भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंते प्राणास मुकले, ती वार्ता अजून कोणी विसरलेला नाहीं. तीं दोघें कोणत्याही शर्यतींत नव्हतीं. घरीं चाललीं होतीं.

माझ्या बंधूंचा चेहरा उतरला. सात टन उसाची गोष्ट मागें पडली.

तरीही हिशेब हा केलाच पाहिजे. विक्रेता तीन वस्तु एका गांठोड्यांत बांधून देतो: मोटार, मोकळा मार्ग आणि शेजारीं बसणारा शिक्षक. मोटारीचा भाग सर्वांत चमकदार व सर्वांत तोकडा. मद्रासजवळील मार्गाची लांबी सुमारें ३.७ किलोमीटर आहे. त्याच्या तीन फेऱ्या म्हणजे ११ किलोमीटर. नवशिका माणूस वळणें घेत सरासरी ताशीं ९५ किलोमीटरांनीं गेला, तर साऱ्या सोहळ्यास सात मिनिटें लागतात. मिनिटास साडेतीन हजार रुपये! त्यांतली पहिली फेरी मार्ग ओळखण्यांत जाते. ज्यास केवळ मोटारींत बसलेलें आपलें छायाचित्र हवें आहे, त्याचे पैसे बुडाले असें मी स्पष्ट म्हणेन. तें छायाचित्र दुकानाच्या दारांतही निघतें.

परंतु मोकळा मार्ग आणि शिक्षक, या दोहोंचें मोल निराळें आहे. समोरून कोणी येणार नाहीं, आडवें गुरूं येणार नाहीं, दिंडी चालत नाहीं, अशी जागा राजमार्गावर कोणत्याही किंमतीस मिळत नाहीं. आणि ब्रेक केव्हां दाबावा, वळणापूर्वीं दृष्टि कोठें ठेवावी, हें शिकविणारा माणूस परवाना काढतांना आपणांपैकीं किती जणांस भेटला?

म्हणून मीं त्यास सांगितलें, जा. पण पैसे भरण्यापूर्वीं पांच प्रश्न विचार. फेऱ्या किती हें नको, चक्र तुझ्या हातीं किती मिनिटें राहील तें सांगा. शेजारीं शिक्षक बसेल काय? शिरस्त्राण आणि रुग्णवाहिका आहे काय? मोटारीस इजा झाली तर भरपाई कोणी व किती द्यावयाची? आणि ठरलेल्या रकमेवर आणखी काय आकारणार? यांतला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपल्या नेहमींच्या मोटार-विम्यांत शर्यत व वेगाची चाचणी हे प्रकार वगळलेले असतात. तेव्हां सही करण्याच्या कागदावरील बारीक अक्षर आधीं वाचावें, मागाहून नव्हे. जेथें उत्तर लेखी मिळत नाहीं तेथून परत फिरावें. आणि ज्यास एवढा खर्च झेपत नाहीं, त्यानें गो-कार्टच्या मैदानावर जावें; जमिनीला टेंकलेल्या त्या लहान गाडींत वेगाची आणि वळणाची समज थोड्या पैशांत पुष्कळ वेळ मिळते.

तो जाऊन आला. संक्रांतीस भेटला तेव्हां मीं विचारलें, "पैसे वसूल झाले कां?" त्यानें प्रामाणिकपणें उत्तर दिलें. पहिली फेरी भीतींत गेली, दुसरी शिक्षकाचें ओरडणें ऐकण्यांत. तिसरी तेवढी त्याची झाली. छायाचित्रांचे पैसे निराळे घेतले, ते त्यास खटकले. मग तो म्हणाला, "काका, मोटार माझ्याहून फार हुषार होती. सरळ रस्त्यावर १७० झाले तेव्हां मला कळलें कीं वळण मला दिसतच नव्हतें. शिक्षकानें सांगितलें तेव्हां दिसलें. इंदापूरच्या पुढें त्या रात्रीं शेजारीं कोणी नव्हतें."

माझ्या बंधूंनीं हें ओसरीवरून ऐकलें. ते कांहीं बोलले नाहींत. आंत जाऊन त्यांनीं तिळगुळाचा डबा आणला.

श्रोतेहो, सात टन उसास ही सात मिनिटें महाग कीं स्वस्त, याचें एक उत्तर सर्वांस लागू पडणार नाहीं. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसास तीं फुकटही नकोत. कर्ज काढून जाणाऱ्यास मी हात धरून थांबवीन. पण ज्या तरुणाच्या अंगांत वेग भिनला आहे आणि जो तो उद्यां आमच्या रस्त्यावर ओतणार आहे, त्यानें तो घाटांत नेऊन ओतावा, त्याची किंमत आपल्या कमाईंतून द्यावी, आणि येतांना थोडी भीति बरोबर आणावी. ती भीति किती दिवस टिकेल हें मी सांगूं शकत नाहीं. पुतण्या पुण्यास परत निघाला त्या रात्रीं मात्र आम्हीं दोघे भाऊ फाट्यापर्यंत त्यास पोंचवावयास गेलों, आणि त्याच्या गाडीचा तांबडा दिवा उसाच्या ट्रॉलीमागें बराच वेळ सावकाश चालतांना पाहत उभे राहिलों.