खिशातले पाते



वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची सवय असते. त्यांच्यापुढे चाकूसारखा क्षुद्र विषय घेऊन उभे राहणे हे धाडसच आहे. विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने मला विचारले, "व्याख्यानाला पोलीस बंदोबस्त ठेवायचा काय?" त्याचा दोष नाही. चाकू म्हटला की आपल्याला सिनेमातला रामपुरीच आठवतो. मी बोलणार आहे तो चाकू कोणाच्या अंगावर धावून जाणारा नव्हे. कैरीच्या फोडी करणारा, पोत्याची सुतळी कापणारा, पोराच्या पेन्सिलीला टोक करून पुन्हा मिटून खिशात जाणारा असा तो गरीब प्राणी आहे.

इंग्रजीत त्याला 'पेननाइफ' म्हणतात, म्हणजे लेखणीचा चाकू. पिसाची लेखणी तासण्यासाठी तो असे, म्हणून हे नाव. फारसीतल्या 'कलमतराश' या शब्दाचा अर्थही तोच. ही गोष्ट परदेशाची वाटेल. पण तिचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे एवढे सांगून समर्थ थांबत नाहीत. देशोदेशीचे बरू आणावेत, ते कसे निवडावेत, हेही सांगतात आणि नाना तऱ्हांच्या 'टांकतोडणी'चा उल्लेख करतात. टाक तोडायचा म्हणजे बरूचे टोक तिरपे छाटायचे आणि त्याला मधोमध बारीक चीर द्यायची. पाते बोथट असेल तर बरूचे तंतू फाटतात आणि अक्षर फुगते. म्हणजे सुंदर अक्षराचा श्रीगणेशा कागदावर होत नाही, तो चाकूच्या धारेवर होतो. पुढे निजामी अमलात दफ्तरची भाषा फारसी होती, मग उर्दू झाली. भाषा बदलली, लिपी बदलली, पण कलम तासणे चुकले नाही. पोलादी टाक आणि फाउंटन पेन आले तेव्हा कुठे या पात्याची नोकरी गेली.

लिहिणाऱ्याचे पाते कलमतराश, तसे आपल्या शेतकऱ्याचे पाते म्हणजे अडकित्ता. त्याचा खिसा म्हणजे चंची. कप्प्याकप्प्यांची ती कापडी पिशवी उलगडली की पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता असा सारा संसार बाहेर येई. शाळेत तरफेचे प्रकार शिकवताना गुरुजी अडकित्त्याचेच उदाहरण देत, ते आठवा. टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. सुपारी खिळ्याकडे सरकवावी तितका जोर कमी लागतो. हे शास्त्र लोहार पुस्तकातून शिकला नव्हता. आणि गरज भागली म्हणून तो थांबलाही नाही; दांड्यांना त्याने कधी मोराची मान दिली, कधी घोड्याचे तोंड दिले. सुपारी काही मोराने अधिक चांगली कातरत नाही! पण रोज हातात धरायची वस्तू नजरेलाही सुख देणारी असावी, एवढी रसिकता त्या घडवणाऱ्याला होती आणि घेणाऱ्यालाही होती.

आता एक कबुली देतो. माझ्या आजोबांचा एक साधा लोखंडी अडकित्ता होता. त्यावर मोर नव्हता की घोडा नव्हता. मात्र अंगठा टेकायची जागा झिजून खोलगट झाली होती. आजोबा गेल्यावर कितीएक वर्षांनी घर आवरताना मी तो मोडक्या बादलीबरोबर भंगारात दिला. भंगारवाल्याने बादली तोलली आणि वर अडकित्ता टाकला. काटा हललासुद्धा नाही. भंगाराचे पुढे काय होते, ते जालनेकरांना मी सांगायला नको. इथल्या भट्ट्यांत ते वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. त्या सळयांवर गावाचे पोट चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या आजोबांच्या अंगठ्याची खूण आज कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गडप झाली आहे, आणि ती मी माझ्या हाताने घालवली, हे काही केल्या विसरता येत नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी नेमके याच्या उलट केले. चष्म्याच्या व्यवसायातला हा माणूस, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला प्रारंभ केला आणि वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह उभा केला. अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी तो समाजाला देऊन टाकला. त्या संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, घरगुती भांडीकुंडी आहेत. सॅम्युअल आयलेनबर्ग हा विख्यात गणिती तर अमेरिकेत राहून अडकित्ते जमवीत असे. त्याच्या संग्रहावर स्वतंत्र ग्रंथ निघाला. परक्याला ज्याचे मोल कळले, ते आपण वजनावर विकले!

जमवायचे कसे, हे थोडक्यात सांगतो. पैसा लागत नाही, नजर लागते. चाकू उघडून पाहा. पाते मुठीत नीट बसते काय? कमानीचा ताण अजून शाबूत आहे काय? वारंवार धार लावून पाते अरुंद झाले असेल तर त्याला दोष समजू नका. तीच त्याची कमाई. चिंच आणि राख लावून घासू नका, कानस तर मुळीच लावू नका. जुना काळसर थर राहू द्या. कोरड्या फडक्याने पुसावे, खिळ्याला थेंबभर मशीनचे तेल द्यावे, आणि पावसाळ्यात वस्तू चामड्याच्या म्यानात कोंडू नये. चामडे ओल धरते. कायद्याचीही भीती नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांचा रोख नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद अशा पात्यांवर आहे, आणि त्यांतूनही घरगुती व शेतीची हत्यारे वगळली आहेत. तरी संग्रह घरात शोभतो, खिशात मिरवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा. ही कोणाची, कोणत्या गावची, कशाला वापरीत? चिठ्ठीवाचून चाकू म्हणजे निव्वळ लोखंड, आणि लोखंडाची वाट या गावात कुठे जाते ते आपण पाहिले. चिठ्ठी लिहायला घरातले वडीलधारे माणूस अजून आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

तेव्हा घरी गेल्यावर फडताळातला खालचा डबा एकदा उघडून पाहा. अडकित्ता सापडला तर आजीच्या हाती द्या आणि गप्प बसून ऐका. माझे व्याख्यान इथे संपते. तुमचे तिथे सुरू होईल.